विस्तव उतरताना: शेतावरच्या मुक्कामातले गोडधोड

सोलापुरात हिवाळ्याची सहल म्हटली की हुरडा ठरलेला असतो, आणि हुरड्यासोबत शेंगाची चटणी, वांग्याचे भरीत, दही आणि कडक भाकरीही ठरलेली असते. गोडाचा विचार मात्र सहसा कुणी वेगळा करत नाही. गुळाचा खडा हाताशी असला की काम भागते. यंदा गड्डा यात्रा उरकल्यानंतरच्या शनिवारी आम्ही मंगळवेढ्याजवळच्या मामांच्या शेतावर तंबू ठोकून रात्रभर राहायचे ठरवले, तेव्हा जेवणाची सगळी जबाबदारी मामींनी स्वतःकडे घेतली आणि "गोडाचं तेवढं तू बघ" असे म्हणून ते खाते माझ्याकडे सोपवले. अट एकच होती: मिठाईचा तयार डबा आणायचा नाही, जे करायचे ते तिथल्या विस्तवावर आणि तिथल्या भांड्यांत करायचे. मुलांना ही अट फारच आवडली. आईने मात्र ती पहिल्याच क्षणी मोडली आणि शेंगापोळ्यांचा डबा पिशवीच्या तळाशी सरकवला. आठ-दहा दिवस टिकणारा पदार्थ हा मिठाईत धरत नाहीत, असा तिचा युक्तिवाद होता.

मंगळवेढ्याची काळी जमीन रब्बी ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पाऊस सरताना पेरलेले हे पीक पुढे बहुतेक जमिनीत मुरलेल्या ओलीवरच वाढते. त्यामुळे जानेवारीत कणसे भरत असताना ताटांची खालची पाने वाळू लागलेली असतात, शेजारी करडई उभी असते आणि गोठ्याजवळ कडब्याची गंज रचलेली असते. अशा ठिकाणी उघडा विस्तव पेटवणे ही गंमत नव्हे. मामांनी विहिरीजवळची, मळणीसाठी मोकळी ठेवलेली टणक जागा निवडली, उभ्या पिकापासून आणि गंजीपासून ती पुरेशी लांब असल्याची खात्री केली आणि पाण्याच्या भरलेल्या दोन घागरी खड्ड्याजवळ ठेवल्यावरच काडी ओढू दिली. तंबू आम्ही वाऱ्याच्या बाजूला लावले, म्हणजे धूर आणि ठिणग्या तंबूंपासून लांब जाव्यात. नायलॉनच्या कापडाला एका ठिणगीने भोक पडते. चुलीसाठी दगड निवडतानाही त्यांनी विहिरीच्या काठचे ओले दगड बाजूला काढले, कारण दगडात मुरलेल्या पाण्याची तापल्यावर वाफ होते आणि दगड तडकून त्याच्या कपच्या उडू शकतात.

जळणाची निवड हा गोड पदार्थांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, हे मला तिथे गेल्यावर नीट उमगले. तुराट्या भडकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात. दूध पटकन तापवायचे असेल तर त्या उपयोगी पडतात, बाकी वेळी त्यांच्यावर विसंबून राहता येत नाही. बाभळीचे लाकूड पेटायला वेळ घेते, पण त्याचे निखारे घट्ट असतात आणि बराच वेळ सारखी आच देतात. गोवऱ्या धुमसत राहतात आणि त्यांच्या राखेत ऊब फार काळ टिकते, म्हणून हुरड्याच्या आगटीत त्यांनाच मान असतो. बांधावरची कण्हेर मात्र जळणातही घालायची नाही आणि तिची काडी काही टोचून भाजायलाही घ्यायची नाही, हे मामांनी मुलांना दोनदा बजावले. ते सगळे झाडच विषारी आहे आणि त्याचा धूरसुद्धा अपायकारक असतो.

घरी गॅसवर आपण पदार्थाप्रमाणे आच बदलतो. उघड्या विस्तवावर मात्र आचेप्रमाणे पदार्थ बदलावा लागतो. बटण फिरवून ज्वाळा लहान करता येत नाही, पण विस्तव आपल्या गतीने उतरत जातो: आधी जाळ, मग लालभडक निखारे, मग राखेचा पातळ थर चढलेले मंद निखारे आणि शेवटी नुसता गरम फुफाटा. मामींशी बोलून मी पदार्थांचा क्रम या उतरणीनुसार लावला. जाळावर दूध, लाल निखाऱ्यांवर गुळाचा पाक, मंद निखाऱ्यांवर फळे आणि फुफाट्यात रताळी. त्यातही रताळी खायची सर्वांत शेवटी, पण विस्तवात घालायची सर्वांत आधी, कारण त्यांना लागणारा वेळ बाकी कोणत्याही पदार्थापेक्षा जास्त असतो.

दुपारी हुरड्यासाठी पेटवलेली आगटी संध्याकाळपर्यंत उतरली होती. तिच्या कडेचा फुफाटा बाजूला सारून मी मध्यम आकाराची, साल न फाटलेली रताळी त्यात ठेवली, वरून पुन्हा फुफाटा ओढला आणि त्यावर थोडे निखारे पसरले. रताळे मोठ्या जाळावर घातले तर साल करपते आणि आतला गर पिठूळच राहतो. सावकाश भाजले तर ते गोड होते. याचे कारण रताळ्याच्या गरातच आहे. त्यात असलेले एक विकर स्टार्चचे माल्टोज या साखरेत रूपांतर करते, आणि हे काम साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान जोरात चालते. गर या तापमानातून जितका हळूहळू वर चढेल, तितकी साखर जास्त तयार होते. भराभर तापवला तर विकर आधीच निकामी होते आणि गोडी तिथेच थांबते. फुफाट्याची संथ ऊब ही संधी आपोआप देते. वरून साखर न घालता होणारा हा पदार्थ माझ्या मते त्या रात्रीचा सर्वांत उत्तम पदार्थ होता, आणि त्यासाठी मला सर्वांत कमी कष्ट पडले.

रताळी आत गेल्यावर शेजारच्या तीन दगडांच्या चुलीवर नवा जाळ केला आणि हुरड्याची खीर घेतली. पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा आणि राखेचा लेप देण्याचे काम मुलीने आवडीने केले; असा लेप असला की काजळी भांड्याला न लागता लेपाला लागते आणि घासताना लेपाबरोबर निघून जाते. दुपारच्या भाजलेल्या हुरड्यातला दोन वाट्या हुरडा आम्ही मुद्दाम वेगळा काढला होता. त्यातला निम्मा खलबत्त्यात ओबडधोबड ठेचला, निम्मा अख्खा ठेवला, दोन चमचे तुपावर परतला आणि त्यावर लिटरभर दूध ओतले. हुरड्याचा दाणा चिकात असताना त्यात साखर अधिक असते आणि दाणा पक्व होत जातो तसतसा तिचा स्टार्च होत जातो. म्हणून कोवळा हुरडा नुसता खायला गोड लागतो, पण खिरीला किंचित जून झालेला हुरडा बरा, कारण त्यातल्या स्टार्चने दूध आपसूक दाट होते आणि रव्याची किंवा तांदळाच्या पिठाची जोड लागत नाही. तुराट्यांच्या जाळावर दुधाला उकळी लवकर आली आणि ते वर येऊ लागताच जाळ मागे ओढला. मग बाभळीची दोनच लाकडे पुढे ठेवून पंचवीसेक मिनिटे खीर सावकाश आटवली. झाकण अधूनमधून ठेवावेच लागते, नाहीतर दूध धुराचा वास ओढून घेते. माझ्या भावाला तो वास अजिबात चालत नाही. मला तो थोडासा हवा असतो, आणि भाजलेल्या हुरड्याच्या खिरीत तर तो शोभतो.

गूळ मात्र उकळत्या दुधात घालायचा नाही. गुळात आम्लता असते आणि दूध तापलेले असताना ती मिसळली की दूध फाटण्याची शक्यता वाढते. पातेले चुलीवरून उतरवून, वाफा कमी झाल्यावर वाटीभर चिरलेला गूळ घातला, तो विरघळेपर्यंत ढवळले, वर वेलदोड्याची पूड टाकली आणि भांडे पुन्हा विस्तवावर ठेवले नाही. जानेवारीच्या रात्री शेतातला गारवा शहरापेक्षा बोचरा असतो, त्यामुळे खीर खाण्याजोगी कोमट व्हायला फारसा वेळ लागला नाही.

खीर आटेपर्यंत बाभळीच्या लाकडांचे चांगले निखारे झाले होते. मला तिळगुळाच्या उरलेल्या सामानातून शेंगदाण्यांची चिक्की करायची होती आणि जाळ अजून थोडा जिवंत असतानाच मी कढई उचलली, तेव्हा मामींनी हात धरला: "जाळ निवू दे, आर पडू दे, मग ठेव कढई." त्यांचे म्हणणे पाकाच्या बाबतीत शब्दशः खरे आहे. साखर साधारण १६० अंशांच्या पुढे करपायला लागते. गुळात मूळचीच इतर द्रव्ये आणि फळांतल्यासारखी साधी साखर असल्याने तो त्याहून आधीच काळवंडतो. जाळाच्या जिभा कढईच्या कडांपर्यंत पोहोचतात आणि मधला पाक तयार होण्याआधी कडेचा पाक कडू होतो. निखारे सपाट पसरले म्हणजे आच फक्त बुडाला लागते, आणि ती कमी करायची असेल तर कढई उचलून बाजूच्या दगडावर टेकवता येते. उघड्या विस्तवावर हेच आपले बटण.

शेंगदाणे आधी कोरडे भाजून, हाताने चोळून, फुंकून साले काढली आणि दाण्यांचे दोन-दोन भाग केले. वाऱ्यावर फुंकण्याचे हे काम शेतात जितके सुखाचे तितके स्वयंपाकघरात त्रासाचे असते. मग कढईत चमचाभर तूप आणि दीड वाटी चिक्कीचा गूळ घातला. पाणी घातले नाही. गूळ वितळला, त्याला मोठे बुडबुडे आले, मग ते लहान आणि दाट झाले आणि रंग गडद होऊ लागला. परीक्षा नेहमीचीच: वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब टाकायचा. थेंब मऊ राहून बोटांत त्याची गोळी वळली तर तो लाडवांचा पाक झाला. पाण्यातून काढून मोडताना कट् असा आवाज झाला तर तो चिक्कीचा. बिडाची कढई उतरवल्यानंतरही तापलेलीच राहते, म्हणून थेंब कट् करून मोडू लागताच क्षणभरही न थांबता ती खाली घेतली, दीड वाटी दाणे आणि मूठभर भाजलेले तीळ त्यात मिसळले आणि तूप लावलेल्या ताटावर सगळे ओतून वाटीच्या बुडाने थापले. इथे थंडीचा एक परिणाम लक्षात आला. घरी वड्या पाडायला जो वेळ मिळतो तो इथे मिळत नाही. उघड्या हवेत मिश्रण इतके भराभर आळते की सुरी आधीच तूप लावून हाताशी असली पाहिजे. मुलांना या सगळ्या वेळात खड्ड्यापासून चार पावले मागे बसवले होते. उकळता गूळ अंगावर उडाला तर तो पाण्यासारखा निथळत नाही, कातडीला चिकटून बसतो आणि खोल भाजतो. त्यामुळे या एका पदार्थात त्यांना हातभार लावू द्यायचा नाही, हे मी निघतानाच ठरवले होते.

त्यांच्या वाट्याला मंद निखारे आले. केळी आम्ही करमाळ्याकडची आणली होती. त्या तालुक्यातल्या कंदर परिसरातून केळी परदेशीही जातात आणि सोलापूरच्या बाजारात ती चांगली मिळतात. यासाठी पिवळी झालेली पण घट्ट केळी घ्यावीत, ठिपके पडून मऊ झालेली नकोत. साल न काढता आतल्या वाकाच्या बाजूने लांब चीर द्यायची, पण खालची साल कापू द्यायची नाही. त्या चिरेत किसलेला गूळ, शेंगदाण्याचा कूट, वेलदोडा आणि दोन-चार बेदाणे भरायचे आणि चिरेची बाजू वर ठेवून केळे राख धरलेल्या निखाऱ्यांवर आडवे ठेवायचे. फॉईलची गरज नाही, कारण सालच भांड्याचे काम करते. आठ-दहा मिनिटांत साल पूर्ण काळी पडते, आत गूळ वितळून केळ्याच्या रसात मिसळतो आणि चिरेतून बुडबुडे येऊ लागतात. चिमट्याने उचलून ताटलीत ठेवायचे आणि चमच्याने खायचे. भाच्याने गुळाऐवजी चॉकलेटचे तुकडे भरले, मुलीने दोन्ही भरले. आईने गुळाचे केळे खाऊन दुसरे मागितले, आणि ती एरवी केळ्याचे शिकरणही फारसे खात नाही.

मार्शमॅलोचे पाकीट भावाने आणलेच होते. त्यावरची तपकिरी खूण आणि घटकांतले जिलेटिन मी आधी वाचले; जिलेटिन प्राण्यांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून काढतात, त्यामुळे आई ते खाणार नाही हे उघड होते आणि तिच्या पदार्थांना त्याची काडी लागू नये म्हणून ती काडी वेगळी ठेवली. मुलांनी ते नेहमीप्रमाणे थेट ज्वाळेत धरले, बाहेरून कोळसा झाला आणि आत गारच राहिले. निखाऱ्यांपासून वीतभर वर धरून फिरवत राहिल्यावर तांबूस साय धरली. पाकीट अर्धे उरले, यावरून त्याची योग्यता काय ती समजावी.

त्यापेक्षा उसाच्या काड्या जास्त रमवणाऱ्या ठरल्या. मामांनी शेजारच्या फडातला ऊस आणून, सोलून, त्याचे बोटाएवढ्या जाडीचे उभे काप काढले आणि टोके तासून दिली. त्यांवर अर्धवट पिकलेल्या पेरूच्या आणि केळ्याच्या जाड फोडी ओवल्या. ऊस रसाने भरलेला असल्यामुळे बांबूच्या काडीसारखा पेट घेत नाही. उलट निखाऱ्यांवर धरल्यावर त्याच्या कडांवरचा रस आटून तांबूस होतो आणि फोडींना आतून गोडी लागते. फोडी खाऊन झाल्यावर काडीच चघळायची. पेरू अशा रीतीने फार चांगला भाजला जातो, विशेषतः वरून चिमूटभर मीठ टाकले तर. चिकू मात्र या कामाचा नाही. गरम होताच तो मऊ पडून काडीवरून सुटतो आणि राखेत जातो.

आईच्या शेंगापोळ्या तव्यावर तूप सोडून नुसत्या शेकल्या. त्याविषयी सोलापूरकरांना आणखी काही सांगायची आवश्यकता नाही.

रताळी काढली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. फुफाट्यातून ओढताना साल सुरकुतली होती आणि दोन रताळ्यांच्या टोकांतून काळपट चिकट पाक बाहेर येऊन साकळला होता. रताळी नीट झाल्याची हीच खूण असते. राख झटकून, उभी चिरून, गरावर लोणी घातले. त्याच गरात थोडी उरलेली खीर कालवून मामींनी नवाच प्रकार केला, जो मला वेगळा कधी सुचला नसता.

आवराआवरीत कढई सर्वांत सोपी निघाली. आळलेला गूळ खरवडत बसू नये; कढईत पाणी घालून ती उरल्यासुरल्या निखाऱ्यांवर ठेवली की सगळा गूळ सुटून येतो. खिरीचे पातेले लेपासकट राखेने घासले. सांडलेला गूळ आणि सालींचा ढीग तसाच राहिला तर पहाटेपर्यंत मुंग्या तंबूत शिरतात, म्हणून साली शेणखताच्या खड्ड्यात गेल्या. विस्तव विझवताना मामांनी माती ओढू दिली नाही, कारण मातीखाली निखारे कित्येक तास धगधगत राहतात आणि वरून काहीच दिसत नसल्याने सकाळी अनवाणी फिरणाऱ्या मुलांचे पाय भाजण्याची भीती असते. त्यांनी पाणी ओतले, काठीने ढवळले, पुन्हा ओतले आणि राखेवर तळहाताची मागची बाजू धरून ऊब नसल्याचे पाहिल्यावरच आम्हाला झोपायला जाऊ दिले.

पुढच्या वेळी मामींना विस्तवावर पुरणपोळी करायची आहे. हरभऱ्याची डाळ जाळावर शिजवायची, पुरण मंद निखाऱ्यांवर आटवायचे आणि पोळ्या मात्र पुन्हा चांगल्या तापलेल्या तव्यावर भाजायच्या, म्हणजे विस्तव एकदा उतरवून परत चढवावा लागेल. म्हणून मी बाभळीचे जळण यंदाच्या दुपटीने आणि चुली दोन मांडायला सांगितल्या आहेत.